दुसरा ऑसिलेटर जोडला की दोन्ही उतरतात: सिक्वेन्सरचे व्होल्ट जातात कुठे?

फेरीबोट (दिवाडी)
रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. गेल्या चवथीनंतर जमवायला घेतलेली युरोरॅकची (सुटे मॉड्यूल केबलींनी जोडायच्या सिंथेसायझरची) पेटी आता कुठे गाण्यासारखी झाली आहे. चार चॅनलचा एक सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांचे व्होल्ट ओळीने सोडणारा (किट आणून स्वतः सोल्डर केलेला, आत आकड्यांचे व्होल्ट करणारा १२ बिटांचा डॅक), एक क्वांटायझर (व्होल्टेजला जवळच्या स्वरावर बसवणारा), दोन व्हीसीओ (व्होल्टेजप्रमाणे सूर बदलणारे ऑसिलेटर) आणि एक फिल्टर. मला नाचाचं संगीत करायचं नाही. खाली तानपुरा लावून त्यावर एखाद्या रागाचे स्वर सावकाश फिरत ठेवायचे, एवढाच हेतू. तानपुरा खाली असला की सुरातली चूक लपत नाही, म्हणून हा धागा.

एक व्हीसीओ जोडला की सगळं सुरात. तीन सप्तकं वर गेलं तरी सूर तानपुऱ्याला चिकटून राहतो. त्याच सीव्हीला (सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजला) साधं मल्टिपल (एका केबलीच्या अनेक वाटा करणारं) लावून दुसरा व्हीसीओ जोडला की दोन्ही उतरतात. खर्जातला सा, म्हणजे सिक्वेन्सरवरचा ० व्होल्ट, जागचा हलत नाही. त्याच्या वरचा सा थोडा उतरतो. तीन सप्तकं वरचा सा ट्यूनरवर थेट ३५ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली दिसतो. दुसरी केबल उपटली की पहिला त्याच क्षणी सुरात येतो.

सिक्वेन्सर मीटरने तपासला. ० ते ५ व्होल्ट सेट केल्यावर ०.००, १.००, २.००, ३.००, ३.९९, ४.९९ दिसतात. म्हणजे तो बरोबर असावा. मग दोन्ही जोडलेले असताना व्हीसीओंचे स्केल ट्रिमर (व्होल्टमागे सूर किती चढावा ते लावणारे स्क्रू) फिरवून सूर जुळवला, तर एकटा वाजवला की चढतो. पुन्हा मागे आणला. तीन रात्री हेच चाललंय. कुठे चुकतोय?

किनाराफिल्टर (हणजूण)
रविवार, रात्री १०:१५

तापमान बघितलंस का? व्हीसीओच्या आतला एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर ट्रान्झिस्टरच्या जोडीवर चालतो. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला बेस-एमिटरमध्ये साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर. हे १८ मिलिव्होल्ट तापमानाबरोबर बदलतात, अंशामागे सुमारे ०.३३ टक्के. भरपाईचा टेम्पको रेझिस्टर नसेल तर एका अंशाला प्रत्येक सप्तकामागे चार सेंट जातात. माझ्याकडे पंखा चालू-बंद केला तरी फरक ऐकू येतो. पेटी अर्धा तास तापू दे, मगच ट्रिमरला हात लाव.

फेरीबोट
रविवार, रात्री १०:३१

तासभर चालू ठेवूनच बघतो. शिवाय केबल काढल्याबरोबर सूर परत येतो, आणि तापमान असं क्षणात बदलणार नाही ना?

किनाराफिल्टर
रविवार, रात्री १०:३४

बरोबर. मग तापमान नाही. ग्राउंड बघ. दुसरा मॉड्यूल जोडल्यावर बसबोर्डच्या (सगळ्या मॉड्यूलांना वीज देणाऱ्या पट्टीच्या) ग्राउंडमधून जास्त प्रवाह जात असेल, तर दोन मॉड्यूलांचा ‘शून्य’ एकच राहत नाही. १० मिलिओहममधून ३०० मिलिअँपिअर गेले तर ३ मिलिव्होल्ट, म्हणजे साडेतीन सेंट. आपल्याकडे खाऱ्या हवेने पॉवरच्या पिना काळ्या पडतात, त्यामुळे माझा पहिला संशय नेहमी तिथे जातो.

सोल्डरशिस (फोंडा)
सोमवार, सकाळी ६:५०

फेरीबोट, उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे: “खर्जातला सा जागचा हलत नाही.” ट्रिमर फिरवण्याआधी या वाक्यापाशी थांबा.

चूक दोन जातींची असते. ऑफसेटची चूक सगळ्या स्वरांना सारखी लागते, सगळं गाणं उचलून थोडं वर किंवा खाली ठेवल्यासारखं. ती ट्यूनिंगच्या खुंटीने भरून निघते आणि एकटं वाजवताना कानाला जाणवतही नाही. स्केलची चूक मात्र शून्यावर शून्य असते आणि प्रत्येक सप्तकागणिक वाढत जाते. तुमची चूक स्केलची आहे. ग्राउंड सरकला असता तर शून्य व्होल्टचा सासुद्धा हलला असता, म्हणून ग्राउंड बाजूला ठेवा. किनाराफिल्टर यांनी सांगितलेला आकडा योग्य आहे, तो दोष इथला नाही एवढंच.

आता स्केल बिघडतो कशाने ते बघू. तुमच्या सिक्वेन्सरच्या आउटपुटला, ऑपअँप (व्होल्टेज पुढे पाठवणारी अँप्लिफायरची चिप) आणि जॅक यांच्यामध्ये, बहुधा १ किलोओहमचा रेझिस्टर आहे. चुकून आउटपुट आउटपुटला जोडला गेला तर काही जळू नये म्हणून तो घालतात. व्हीसीओचा इनपुट १०० किलोओहमचा. दोघांची मिळून विभागणी होते आणि १०१ भागांतला एक भाग १ किलोवरच पडतो. गेला एक टक्का. एका सप्तकाचे १२०० सेंट, त्याचा एक टक्का म्हणजे १२ सेंट. दुसरा व्हीसीओ जोडलात की भार ५० किलोओहम होतो आणि ५१ भागांतला एक भाग जातो, जवळजवळ दोन टक्के. म्हणजे दुसऱ्या केबलीने प्रत्येक सप्तकाला आणखी पावणेबारा सेंट खाल्ले. तीन सप्तकांना किती होतात बघा. पस्तीस. तुमच्या ट्यूनरचा आकडा तोच आहे.

मीटरला हे दिसलं नाही, कारण मीटरचा स्वतःचा इनपुट १० मेगाओहमचा असतो. त्याला १ किलो म्हणजे काहीच नाही. तुम्ही मोकळा आउटपुट मोजलात. व्हीसीओला जे मिळतं ते मोजलं नाहीत.

फेरीबोट
सोमवार, सकाळी ८:०५

सर, सर्किट उघडून बघितलं. चारही चॅनलांवर १ किलोओहमच आहे. तीन रात्री मी भलत्याच स्क्रूशी झगडत होतो. देव बरें करूं.

आता मोजायचं कसं?

सोल्डरशिस
सोमवार, सकाळी ८:४०

आधी मीटर बदला. तुमच्या आकड्यांना दशांशानंतर दोनच घरं आहेत, म्हणजे तो २००० काउंटचा मीटर २० व्होल्टच्या रेंजवर आहे. शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा. युरोरॅकमध्ये १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक, अर्धस्वर म्हणजे ८३.३३ मिलिव्होल्ट, आणि एक सेंट म्हणजे ०.८३ मिलिव्होल्ट. तुमच्या मीटरचा सर्वांत लहान अंकच १२ सेंटांचा आहे. सोनं तोलायला भाजीचा तराजू चालत नाही.

साडेचार अंकी, म्हणजे २०,००० काउंटचा मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १ मिलिव्होल्ट दाखवतो. तेवढा पुरतो. ६००० काउंटचा असेल तर ६ व्होल्टपर्यंत १ मिलिव्होल्ट मिळतो, आणि तुमचा सिक्वेन्सर ५ व्होल्टपर्यंतच जातो, म्हणून तोही चालेल. बॅटरी नवी घाला. बॅटरी उतरली की बरेच मीटर जास्त आकडा दाखवू लागतात, आणि माणूस त्याच आकड्यावर विश्वासाने ट्रिमर फिरवतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनची प्रयोगशाळा बरीच वर्षं चालवली. मुलांची सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच असायची.

मोजताना दोन्ही व्हीसीओ जोडलेलेच ठेवा आणि मल्टिपलच्या रिकाम्या भोकात एक केबल घालून तिच्या टोकावर मोजा. मोकळा आणि जोडलेला, दोन्ही आकडे इथे लिहा.

तांबडीमाती (साखळी)
सोमवार, दुपारी १:२०

धागा वाचते आहे, वाचनखूण साठवली. जोडून एक प्रश्न. माझा सिक्वेन्सर नुसत्या खुंट्यांचा आहे आणि त्यापुढे क्वांटायझर. एखादी खुंटी दोन स्वरांच्या मध्ये आली की क्वांटायझर दोन्ही स्वरांत थरथरतो. हीसुद्धा कॅलिब्रेशनचीच चूक का?

सोल्डरशिस
सोमवार, दुपारी २:१०

ताई, प्रश्न चांगला आहे, कारण इथेच बरेच जण इनपुट आणि आउटपुट यांची गल्लत करतात.

क्वांटायझरचा इनपुट चुकला तर स्वर चुकीचा निवडला जातो. आउटपुट चुकला तर स्वर बरोबर निवडला जातो, पण बेसुरा वाजतो. तुमचं पहिल्या जातीचं आहे. बारा स्वर लावलेले असताना प्रत्येक स्वराची हद्द त्याच्या दोन्ही बाजूंना ४१.७ मिलिव्होल्टवर संपते. खुंटी नेमकी हद्दीवर असेल तर दोन-चार मिलिव्होल्टांची खरखरही स्वर बदलायला पुरते. चांगल्या क्वांटायझरमध्ये हिस्टेरिसिस ठेवलेला असतो: एकदा स्वर धरला की हद्द ओलांडून थोडं पुढे गेल्याशिवाय तो सोडायचा नाही. तुमच्यात तशी सेटिंग असेल तर वाढवा. नसेल तर क्वांटायझरला ट्रिगर द्या, म्हणजे तो दर ठोक्याला एकदाच स्वर निवडेल आणि पुढच्या ठोक्यापर्यंत हलणार नाही.

ट्रिगर देताना एक सांभाळा. बऱ्याच सिक्वेन्सरांत ट्रिगर आणि व्होल्टेज एकाच क्षणी सुटतात, आणि क्वांटायझरने वाचलं तेव्हा व्होल्टेज अजून आधीच्या स्वरावरून चढत असतं. मग आधीचा नाहीतर मधलाच कुठला तरी स्वर पकडला जातो. एक-दोन मिलिसेकंदांचा विलंब दिला की थांबतं.

तांबडीमाती
सोमवार, संध्याकाळी ७:०३

विलंबाची सेटिंग मेनूत खोलवर होती. २ मिलिसेकंद ठेवले. मधले भलते स्वर थांबले आणि थरथरही गेली. मनापासून आभार.

फेरीबोट
मंगळवार, रात्री ९:१८

पणजीला मित्राकडे साडेचार अंकी मीटर होता. तो रुमालात गुंडाळून रायबंदरच्या फेरीतून घेऊन आलो. पेटी एक तास तापवली, मीटरला नवी बॅटरी घातली.

मोकळा आउटपुट: ०.००१, ०.९९८, १.९९५, २.९९२, ३.९८९, ४.९८६
दोन्ही व्हीसीओ जोडून: ०.००१, ०.९७८, १.९५६, २.९३३, ३.९११, ४.८८८

माझ्या जुन्या मीटरवरच्या ४.९९ मध्ये हे सगळं लपलं होतं, याचं फार वाईट वाटलं.

सोल्डरशिस
बुधवार, सकाळी ६:३५

सुंदर मोजलंत. आता या आकड्यांना बोलू द्या.

मोकळ्या ओळीत प्रत्येक पायरी ०.९९७ व्होल्टची आहे, सहाही आकडे एका सरळ रेषेत. म्हणजे डॅक निर्दोष, फक्त गेन (व्होल्टेजची पट) ०.३ टक्के कमी. सप्तकामागे साडेतीन सेंट. ते सिक्वेन्सरच्या गेन ट्रिमरचं काम. ऑफसेट १ मिलिव्होल्ट, तो विसरा. दुसऱ्या ओळीतला ४.८८८ भागिले ४.९८६ करा: ०.९८०३. पन्नास भागिले एक्कावन्नही तेवढंच. भाराचा हिशेब तंतोतंत जुळला.

पाच सप्तकांत एकूण ११३ मिलिव्होल्ट गेले, १३६ सेंट. अर्धस्वराहून जास्त! तुमचा व्हीसीओचा ट्रिमर हे सगळं एकटा झाकत होता. म्हणूनच सांगतो, साखळीत आधी स्रोत, मग वाट, आणि व्हीसीओ सर्वांत शेवटी. व्हीसीओचा ट्रिमर मागच्यांच्या चुका पोटात घेतो, आणि केबल बदलली की त्या सगळ्या बाहेर पडतात.

किनाराफिल्टर
बुधवार, सकाळी ११:४८

माझा ग्राउंडचा अंदाज चुकला. सरांचं ‘शून्य हलला का?’ हे मी वहीत लिहून ठेवलं.

उपायाबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. दोन्ही व्हीसीओ कायम जोडलेलेच राहणार असतील, तर जोडलेल्या अवस्थेतच सिक्वेन्सरचा गेन वाढवून १.००० करायचा. खर्च शून्य, काम दहा मिनिटांचं.

सोल्डरशिस
बुधवार, दुपारी १२:३०

कायम जोडलेलेच असतील तर चालेल, मान्य. पण मॉड्युलर घ्यायचं ते केबली बदलण्यासाठी. उद्या तिसरा व्हीसीओ आला, किंवा तोच सीव्ही फिल्टरलाही दिला, की पुन्हा सगळं ढळणार. बफर्ड मल्टिपल लावा, म्हणजे प्रत्येक वाटेला स्वतःचा ऑपअँप असलेलं.

त्यातही दोन बारकावे आहेत, आणि विकतच्या काही मल्टिपलांतसुद्धा ते पाळलेले नसतात. एक, बफरच्या इनपुटला ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर १ मेगाओहमचा ठेवा. तिथे १०० किलो ठेवलात तर तोच एक टक्का तिथे पुन्हा जातो. १ मेगाला ०.१ टक्का जातो, सप्तकामागे १.२ सेंट, तो सिक्वेन्सरच्या गेनमध्ये भरून काढता येतो आणि मग बदलत नाही. दोन, बफरच्या आउटपुटचा १ किलो फीडबॅकच्या आत घ्या. जॅकवरून १० किलोओहम इन्व्हर्टिंग पिनला, आणि ऑपअँपच्या आउटपुटवरून त्याच पिनला १०० पिकोफॅराडचा कपॅसिटर. मग ऑपअँप जॅकवरचं व्होल्टेज सांभाळतो, भार कितीही बदलो. संरक्षणही राहतं. कपॅसिटर विसरू नका, लांब केबलीवर ऑपअँप थरथरतो.

ऑपअँप टीएल०७२ नको. त्याचा ऑफसेट सहज ३ मिलिव्होल्ट असतो आणि वाईट नग १० पर्यंत जातो. ओपीए२२७७ महाग आहे, पण त्याचा ऑफसेट मायक्रोव्होल्टांत मोजावा लागतो. गेन ठरवणारे रेझिस्टर ०.१ टक्क्याचे मेटल फिल्म, आणि ट्रिमर पंचवीस फेऱ्यांचा. एका फेरीच्या ट्रिमरवर १ मिलिव्होल्ट पकडायला हात फार स्थिर लागतो.

जुनापंखा (मडगाव)
बुधवार, दुपारी ४:०५

माझ्याकडे जुना कॉर्ग एमएस-२० सिंथेसायझर आहे. हा हिशेब त्याला लागू होईल का?

सोल्डरशिस
बुधवार, दुपारी ४:२२

तसाच्या तसा नाही. १९७८ चा एमएस-२० हर्ट्झ-प्रति-व्होल्टवर चालतो, त्यात व्होल्टेज दुप्पट झालं की एक सप्तक. त्यामुळे खालच्या सप्तकांत थोड्या मिलिव्होल्टांचा ऑफसेटही फार बोचतो. आपल्या पद्धतीत प्रत्येक सप्तकात मिलिव्होल्टची किंमत सारखीच. बुखला कंपनीच्या सिंथेसायझरांत सप्तक १.२ व्होल्टचं, म्हणजे अर्धस्वर बरोबर १०० मिलिव्होल्ट. कुठलाही आकडा लावण्याआधी यंत्र कुठल्या पद्धतीचं आहे ते बघायचं.

संवादिनी (म्हापसा)
बुधवार, रात्री ८:५०

मला यातलं इलेक्ट्रॉनिक्स अर्धंच कळलं, पण कान थोडा तयार आहे. मी पेटी (हार्मोनियम) शिकवते. फेरीबोट, तू तानपुऱ्यावर वाजवतोस म्हणून विचारते: हे सगळं एक मिलिव्होल्टापर्यंत नीट करून शेवटी गंधार कुठला लावणार? सप्तकाचे बारा समान भाग केलेला असेल तर तो तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा. पेटीवर आम्ही आयुष्यभर हे दुखणं सोसतो, कारण पेटीचे सूर कारागिराने एकदा कानसून ठेवलेले. तुझं यंत्र तर आकड्यांवर चालतं. तुला कोणी अडवलंय?

ज्या गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला, त्या गोव्यात बसून तानपुऱ्यावर चढा गंधार लावू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

फेरीबोट
बुधवार, रात्री ९:३७

ताई, खरं सांगू का, मला दोष सापडत नव्हता तोवर इतका पुढचा विचारच केला नव्हता. पण तुमचं वाचल्यावर लक्षात आलं की आधीच्या ११३ मिलिव्होल्टांच्या चुकीत गंधाराचे हे १४ सेंट ऐकूही आले नसते.

सर, शुद्ध स्वरांचे व्होल्ट कसे काढायचे?

सोल्डरशिस
गुरुवार, सकाळी ७:१५

संवादिनीताईंनी विषयाच्या मुळाला हात घातला.

स्वराचं सा-शी जे गुणोत्तर असेल, त्याचा दोनच्या पायाने लॉगरिदम घ्या, तेच व्होल्ट. शुद्ध गंधार ५/४ धरला तर ०.३२१९ व्होल्ट, समान भागांचा गंधार ०.३३३३. फरक ११.४ मिलिव्होल्ट. पंचम ३/२ चा ०.५८५०, समान भागांचा ०.५८३३, फरक जेमतेम दोन सेंट, म्हणून पेटीवर पंचम खटकत नाही आणि गंधार खटकतो.

किटच्या कागदात डॅकचं नाव काय आहे?

फेरीबोट
गुरुवार, सकाळी ९:००

एमसीपी४८२२. पुढच्या ऑपअँपचा गेन १.२५ लिहिलाय.

सोल्डरशिस
गुरुवार, सकाळी ९:४५

मग हिशेब सोपा आहे. त्या डॅकची पूर्ण उडी ४.०९६ व्होल्टची, गुणिले १.२५ म्हणजे ५.१२ व्होल्ट, ४०९६ पायऱ्यांत. एक पायरी १.२५ मिलिव्होल्ट, दीड सेंट. एका सप्तकात ८०० पायऱ्या. जवळची पायरी निवडली तर चूक पाऊण सेंटाच्या आत राहते. १२ बिट इथे काठोकाठ पुरतात. यापेक्षा बारीक हवं असेल तर १६ बिटांचा डॅक लागेल.

स्वरांच्या पायऱ्या अशा: सा ०, रे (९/८) १३६, ग २५८, म (४/३) ३३२, प ४६८, ध (५/३) ५९०, नी (१५/८) ७२६. तुमच्या आत्ताच्या तक्त्यात गंधाराला २६७ असणार, तो २५८ करा. धैवतात तर फरक ६०० आणि ५९० चा आहे.

आणि हो, हे स्वर क्वांटायझरमधून नेऊ नका. तो त्यांना पकडून पुन्हा समान भागांवर बसवेल. सिक्वेन्सरवरून थेट बफरला, तिथून व्हीसीओंना.

संवादिनी
गुरुवार, रात्री ८:१०

धैवताबद्दल थोडं थांबा. ५/३ चा धैवत गंधाराशी मध्यम-भावाने जुळतो. पण जिथे धैवत रिषभाच्या पंचम-भावाने लागतो तिथे तो २७/१६ चा, वर असतो. दोघांत २२ सेंटांचं अंतर आहे. राग कुठला ते आधी ठरव, मग आकडा लिही.

सोल्डरशिस
गुरुवार, रात्री ८:२६

ताईंचं बरोबर आहे, मी सरसकट लिहायला नको होतं. २७/१६ ला ६०४ येतो. फेरीबोट, दोन तक्ते ठेवा.

तांबडीमाती
शुक्रवार, सकाळी १०:०२

पावसाळ्याचं विचारू का? जून ते सप्टेंबर माझे जॅक हिरवट होतात. त्यानेही सूर उतरतो का?

किनाराफिल्टर
शुक्रवार, सकाळी १०:४०

या विषयात माझे हात पोळलेत म्हणून सांगतो. जॅकच्या गंजाने दहा-वीस ओहम वाढले तरी १०० किलोच्या इनपुटसमोर त्याचं काही वाटत नाही, सेंटाचा अंशच जातो. गंजाने आवाज तुटतो, सूर उतरत नाही. दमटपणा खरा बाधतो तो बोर्डावर उरलेल्या सोल्डरिंगच्या फ्लक्सला. ओलसर फ्लक्समधून थोडा थोडा प्रवाह गळतो. सँपल-अँड-होल्डचा (व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या मॉड्यूलचा) कपॅसिटर त्या वाटेने रिकामा होतो आणि धरलेला स्वर हळूहळू घसरतो. आयसोप्रोपिल आणि जुन्या दातब्रशने बोर्ड घासून, वाळवून, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. त्यानंतर पावसाळ्यातही धरलेला सूर जागेवर राहिला.

फेरीबोट
पुढचा रविवार, रात्री १०:५५

मुंबईचा चुलतभाऊ येणार होता, त्याने लॅमिंग्टन रोडवरून दोन ओपीए२२७७ आणि ०.१ टक्क्याचे रेझिस्टर आणले. काल दिवसभर परफबोर्डवर बफर बांधला, सरांनी सांगितलं तसा: इनपुटला १ मेगा, १ किलो फीडबॅकच्या आत, १०० पिकोफॅराड. बोर्ड आयसोप्रोपिलने धुतला. आज तासभर तापवून, दोन्ही व्हीसीओ जोडून, बफरच्या आउटपुटवर मोजत सिक्वेन्सरचा गेन ट्रिमर लावला.

०.०००, १.०००, २.००१, ३.०००, ३.९९९, ५.००१

दुसऱ्या व्हीसीओची केबल काढली, घातली, पुन्हा काढली. शेवटचा अंकसुद्धा हलला नाही. एकटा बसलो होतो तरी मोठ्याने ओरडलो.

मग व्हीसीओ. ० व्होल्टला ११० हर्ट्झ, २ व्होल्टला ४४० यायला हवेत. पहिला चार फेऱ्यांत बसला. दुसराही ३ व्होल्टपर्यंत बसला, पण ५ व्होल्टला ६ सेंट खालीच राहतो.

सोल्डरशिस
पुढचा रविवार, रात्री ११:२०

वरच्या टोकालाच उतरत असेल तर तो स्केलचा दोष नाही. स्केल ट्रिमर आता सोडून द्या. व्हीसीओच्या बोर्डावर हाय फ्रीक्वेन्सीचा वेगळा ट्रिमर असेल. तो फक्त वरच्या सप्तकांना उचलतो. तो अगदी थोडा फिरवा, मग खालची सप्तकं पुन्हा एकदा तपासा. आणि आकडे फारच चांगले आहेत. शाब्बास.

फेरीबोट
सोमवार, रात्री ९:३०

ट्रिमर सापडला, बोर्डाच्या मागच्या बाजूला होता. आता ५ व्होल्टला १ सेंट.

ताई, गंधार २५८ वर ठेवला आणि तानपुऱ्यावर सोडला. आधी २६७ वर होता तेव्हा तानपुऱ्याशी घासून जी लाट येत होती, ती थांबली. दोन्ही एक झाले. बराच वेळ दुसरा स्वर लावावासाच वाटला नाही. आता भैरव करायचा आहे. कोमल रिषभ १६/१५ चा धरला तर ७४ येतो. बरोबर का?

संवादिनी
सोमवार, रात्री ९:५२

वाचून डोळे भरून आले रे. रेकॉर्डिंग नक्की टाक.

७४ हा बसायला बरा आहे, पण भैरवातला रिषभ एका जागी उभा राहत नाही. त्याला आंदोलन हवं, अगदी सावकाश, खालून सुरू होऊन वर जाऊन परत येणारं. ते यंत्रात कसं करतात ते मला माहीत नाही.

सोल्डरशिस
मंगळवार, सकाळी ६:४०

मंद एलएफओ (सावकाश हेलकावणारा ऑसिलेटर) घ्या, दीड-दोन सेकंदांत एक फेरी, आणि तो सीव्हीमध्ये मिळवा. पण साध्या रेझिस्टरांनी मिळवू नका, पुन्हा तीच विभागणी होईल. अचूक सीव्ही मिक्सर घ्या, बफरच्या आधी. १० मिलिव्होल्टांपासून सुरू करा, म्हणजे १२ सेंटांची हालचाल. किती वाढवायचं ते मीटरने ठरवू नका. ताईंना ऐकवून ठरवा.

फेरीबोट
मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, शनिवारी सकाळी आठच्या फेरीने निघून म्हापशाला येतो. पेटी घेऊनच येतो.